हॉस्पिटलातली ड्रिप आणि सर्जरीतली यादी

मी मूळची सांगलीची. मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली काही वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात, प्रॅक्टिस नर्स म्हणून काम करते. ऑक्टोबर उजाडला की आमच्याकडे फ्लू आणि कोविडच्या हंगामी लसीकरणाची धांदल सुरू होते. शनिवारी एरवी बंद असणारी सर्जरी त्यासाठी खास उघडली जाते. गरोदर स्त्रिया आणि मुलांना फ्लूची लस १ सप्टेंबरपासूनच मिळते. बाकीच्या मोठ्या माणसांना मात्र मुद्दाम १ ऑक्टोबरपर्यंत थांबवले जाते, कारण लसीचे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, पुढे ते महिन्यागणिक उतरत जाते, आणि फ्लूचा जोर बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतो.

फ्लू म्हणजे चार दिवसांचा सर्दी-ताप, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. २००९ साली पुण्याने स्वाइन फ्लूचे जे दिवस पाहिले ते आठवले तरी ही समजूत टिकू नये. त्याच विषाणूचा वंशज आजही जगभर फिरतो आहे आणि दरवर्षीच्या लसीत ज्या तीन विषाणूंचा समावेश असतो त्यांत तो एक आहे. ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरील प्रत्येकाला, शिवाय दमा, मधुमेह, हृदयविकार यांसारखे आजार असलेल्या तरुणांनाही ही लस मोफत मिळते.

कोविडच्या लसीचे गणित मात्र २०२५ च्या शरद ऋतूत बदलले. आदल्या वर्षापर्यंत ती ६५ वर्षांपासून पुढे सर्वांना मिळत होती. लसीकरणाविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगून ठेवले होते की पुढच्या शरद ऋतूपासून ती ७५ वर्षांवरील लोकांना, वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांना आणि ज्यांची रोगप्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी दबली आहे अशांनाच द्यावी. समितीचे कारण समजण्यासारखे आहे. बहुतेकांच्या शरीरात आता पूर्वीच्या लसींची आणि संसर्गांची पुण्याई आहे, आणि हॉस्पिटलात दाखल होण्याची वेळ मुख्यतः अतिवृद्धांवर व दुर्बळ प्रतिकारशक्तीच्या रुग्णांवर येते. पण कागदावरचा निर्णय दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगणे हे वेगळे काम आहे, आणि ते आमच्या वाट्याला आले.

दसरा गुरुवारी झाला आणि शनिवारी, ४ ऑक्टोबरला, आमचे पहिले मोठे सत्र होते. ॲमी वादळाचा तडाखा उत्तरेला स्कॉटलंडला बसत होता, तरी वारा आमच्याकडेही चांगलाच सुटला होता, आणि त्या वाऱ्यात काठ्या व वॉकर सांभाळत सकाळपासून रांग लागली होती. स्वागतकक्षातल्या मुली यादी पाहून माणसांना खोल्यांकडे पाठवत होत्या. यादीत नावापुढे ‘फ्लू’ किंवा ‘फ्लू आणि कोविड’ असे लिहिलेले होते. ज्यांच्यापुढे फक्त ‘फ्लू’ होते त्यांतले कितीतरी जण खोलीत येऊन विचारत, ‘गेल्या वर्षी तर दोन्ही दिल्या होत्या, यंदा का नाही?’ एका ७३ वर्षांच्या गृहस्थांना मी नियम समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले की मग विकत कुठे मिळेल. औषधाच्या दुकानात शंभरएक पौंडांना मिळते, हे सांगताना मला बरे वाटले नाही.

दुपारच्या सुमारास एक जोडपे आत आले. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) नवरा ७९ वर्षांचा, यादीत दोन्ही लसी; बायको ६८ वर्षांची, यादीत फक्त फ्लू. गृहस्थांच्या अंगात कोट, त्याखाली लोकरी स्वेटर आणि त्याखाली मनगटाशी घट्ट बटण लावलेला सदरा होता. ते बटण सोडवायला बाई पुढे झाल्या. एवढेसे बटण, पण ते त्यांच्या बोटांत येईना. बोटांचे सांधे सुजलेले होते आणि मधली दोन बोटे करंगळीच्या बाजूला कललेली होती. असे हात मी मिरजेतही पाहिले आहेत आणि इथेही. हा म्हातारपणाच्या झिजेचा संधिवात नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, तो आमवात.

गृहस्थांना मी दोन दंडांवर दोन लसी दिल्या. वयस्कांची फ्लूची लस सिरिंजमध्ये दुधासारखी पांढरट दिसते, कारण प्रतिकारशक्तीला अधिक चेतवणारा तेलकट घटक तिच्यात मिसळलेला असतो. ते रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यामुळे बारीक सुई वापरली आणि टोचलेली जागा न चोळता दोन मिनिटे दाबून धरायला सांगितले. ते कापूस धरून बसले आणि मी बाईंकडे वळले.

नेहमीचे प्रश्न विचारले. आज ताप आहे का, पूर्वी कुठल्या लसीची गंभीर ॲलर्जी आली होती का. मग विचारले, ‘प्रतिकारशक्ती कमी करणारे काही औषध घेता का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही. बाहेरच्या मुलीनेही विचारले होते. मी फक्त रक्तदाबाची गोळी घेते.’ समोरच्या संगणकावरही तेवढीच गोळी दिसत होती. पण माझी नजर त्यांच्या हातांवरून हलेना. मी विचारले, ‘सांध्यांसाठी काय घेता?’ त्या म्हणाल्या, ‘त्याचे औषध नसते हो. सहा महिन्यांनी हॉस्पिटलात जाऊन ड्रिप घेते. तो सर्जरीचा विषय नाही.’

औषधाचे नाव त्यांना आठवेना. पर्समध्ये पुढच्या भेटीचे पत्र घडी करून ठेवलेले होते. ते उलगडून माझ्यापुढे धरले, तेव्हा त्यावर रिटक्सिमॅब लिहिलेले दिसले.

हे औषध ज्यांनी जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. शरीरात प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार करणाऱ्या पेशी ज्या बी पेशींपासून घडतात, त्याच पेशी रिटक्सिमॅब नष्ट करते. म्हणून सांध्यांचा दाह आटोक्यात येतो, पण पुढचे कित्येक महिने नव्या संसर्गाविरुद्ध प्रतिपिंडे बनवण्याची ताकदही कमी होते. म्हणजे त्या जोडप्यात कोविडचा जास्त धोका कदाचित ७९ वर्षांच्या नवऱ्यापेक्षा ६८ वर्षांच्या बायकोला होता, आणि तिलाच दारातून ‘तुमचे वय बसत नाही’ असे सांगितले गेले होते. सांगणाऱ्या मुलीचा त्यात काही दोष नव्हता. तिच्या हातातली यादी संगणकाने काढलेली होती आणि संगणक सर्जरीने लिहून दिलेली औषधेच पाहतो. हॉस्पिटलात मिळणारी ड्रिप आम्ही लिहून देत नाही. तिचा उल्लेख पत्रात येतो, पत्र स्कॅन होऊन रुग्णाच्या नोंदीत जाते, आजाराचे नाव नोंदवले जाते आणि औषध त्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात पडून राहते.

बाहेर रांग खोळंबली होती, तरी मी दार बंद ठेवले आणि त्या दिवशी सत्राची जबाबदारी असलेल्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पत्र वाचले, नोंदीतली जुनी पत्रे उघडली आणि बाई कोविडच्या लसीसाठी पात्र आहेत हे नोंदवून सही केली. प्रश्न उरला तो वेळेचा. रिटक्सिमॅब घेणाऱ्याला लस केव्हाही टोचून चालत नाही. आधीच्या ड्रिपनंतर बराच काळ गेलेला असावा आणि पुढची ड्रिप निदान चार आठवडे तरी लांब असावी, तेव्हाच शरीर लसीला थोडाफार प्रतिसाद देते. पत्रावरची तारीख नोव्हेंबरच्या मध्यातली होती. आणखी तीन आठवड्यांनी त्या आल्या असत्या तर ही संधी हुकली असती.

बाईंनी एक रास्त प्रश्न विचारला. ‘ड्रिपमुळे शरीर प्रतिपिंडेच बनवत नसेल, तर लस घेऊन काय उपयोग?’ मी त्यांना सांगितले की प्रतिपिंडे कमी बनली तरी टी पेशी नावाची दुसरी फळी असते, तिला लस शिकवू शकते, आणि आजार गंभीर होण्यापासून रोखण्यात तिचा मोठा वाटा असतो. त्यांनी मान हलवली आणि डावा दंड पुढे केला. कोविडच्या बाटलीतून सहा डोस निघतात आणि एकदा सुई आत गेली की ती बाटली त्याच दिवशी संपवावी लागते. उघडलेल्या बाटलीत डोस शिल्लक होता, तो त्यांना दिला. उजव्या दंडात फ्लूची लस दिली.

मग कळले की त्यांना आणखीही बरेच माहीत नव्हते. अशा रुग्णांना कोविड झालाच तर विषाणूविरोधी औषध मिळण्याचा हक्क आहे, ते लक्षणे दिसल्यापासून लवकर, पाच दिवसांच्या आत सुरू करायचे असते, आणि म्हणून घरी ठेवायच्या चाचण्या औषधाच्या दुकानात त्यांना मोफत मिळत होत्या. हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते, की सांगितलेले ड्रिपच्या दिवसाच्या गडबडीत विरून गेले होते, कोण जाणे. नागिणीच्या लसीसाठीही त्या पात्र होत्या आणि तीही त्यांनी घेतलेली नव्हती. ते सगळे मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. गृहस्थांनी तो कागद वाचून घडी केली आणि आपल्या खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी फ्रिजचे तापमान नोंदवून, दोन ते आठ अंशांत असल्याची खात्री करून मी घरी गेले, पण मन त्या यादीतच राहिले. एक बाई पत्र पर्समध्ये घेऊन आल्या म्हणून सापडल्या. ज्यांना आपण पात्र आहोत हे ठाऊक नाही ते रांगेत येणारच नाहीत. सोमवारी मी आमच्या फार्मासिस्टशी बोलले. आम्ही औषधांची यादी बाजूला ठेवली आणि आजारावरून शोध घेतला. आमवात, आतड्यांचा क्रोन्स आजार, मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांची नावे काढली आणि प्रत्येकाची हॉस्पिटलची पत्रे उघडून वाचली. संगणकाला हे काम क्षणाचे वाटावे, पण पत्रे माणसालाच वाचावी लागतात. फार्मासिस्ट जेवणाच्या सुट्टीत वाचत होता आणि मी सत्र संपल्यावर. नावे सापडत गेली, तशी ती औषधे ‘हॉस्पिटलातून मिळणारी’ म्हणून त्या त्या रुग्णाच्या नोंदीत घातली आणि एकेकाला फोन केले. काही जणांना आनंद झाला. एकाने, ‘मला इतकी वर्षे कोणी विचारले नाही, आता कशाला?’ म्हणून फोन ठेवला. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही.

स्वागतकक्षातला प्रश्नही आम्ही बदलला. ‘प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध’ असे न विचारता, ‘हॉस्पिटलात कुठली ड्रिप किंवा इंजेक्शन मिळते का, किंवा कंपनीची गाडी घरी इंजेक्शने आणून देते का?’ असे विचारायचे ठरले. पुढच्या सत्रात आईला घेऊन आलेला एक तिशीतला ड्रायव्हर हा प्रश्न ऐकून थबकला. प्रश्न त्याच्या आईला होता. तो म्हणाला, ‘इंजेक्शने माझ्या घरी येतात, आतड्याच्या आजारासाठी. फ्रिजमध्ये दुधाशेजारी असतात. पण मी तर फक्त आईला सोडायला आलो आहे.’ मुलीने त्याला तिथेच बसवले. त्याचे औषध होते अडालिमुमॅब, तेही प्रतिकारशक्ती दाबणारेच; आमच्या नोंदीत त्याचा मागमूस नव्हता, आणि आजाराचीही नोंद निराळ्या नावाने झालेली असल्यामुळे तो आमच्या शोधातूनही निसटला होता. दोन्ही लसी त्याला त्याच सकाळी दिल्या आणि फार्मासिस्टने शोधाच्या यादीत ते निराळे नाव घालून सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.