आधी त्यांचा फोटो, मग आपला : यंदाच्या फोटो-टूरची नोंद

मंडळी, पोळ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा मोसम आटोपला. ऊन तापायला लागलं की आमचा कारभार बंद, त्यामुळे लिहायला आताच सवड. नव्यांसाठी थोडक्यात: मी आणि दोघं मित्र हौशी फोटोग्राफरांचे लहान गट घेऊन विदर्भातल्या गावांत, देवळांत, तळ्यांवर फिरतो. वाघ आमच्या यादीत नाही. वाघासाठी ताडोबा आहे, जिप्सी आहेत, आणि एका वाघिणीवर रोखलेली लेन्सची रांगही आहे. त्यात आमची भर कशाला?

यंदाचा मोठा बदल म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर बंद. दोन बोलेरोंत मावतील तेवढेच लोक घ्यायचे. पैशाचं गणित त्यानं बिघडतं, हे खरं. पण डझनभर कॅमेरे एकदम गल्लीत उतरले की गाव हातातलं काम टाकून आपल्याकडे बघत बसतं, आणि मग सगळ्यांच्या कार्डात एकच फोटो येतो: कॅमेऱ्याकडे बघणारं गाव.

पोळा

आर्वी तालुक्यातलं गाव, वर्धा जिल्हा. हा पट्टा गवळाऊ बैलांचा. पांढरी, सडपातळ, चालीला चपळ जनावरं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचंच, यावर मी आता हटून बसतो. लोक म्हणतात पोळा तर उद्या आहे. पण खांदशेकणी आजच असते, आणि मला विचाराल तर खरा पोळा तोच. बैल नाल्यावर धुऊन आणलेले, गोठ्यात एकच पिवळा बल्ब, धनी खांद्याला तूप-हळद चोळतोय, पळसाच्या पानानं शेकतोय. वर्षभर जू वाहून तिथली कातडी घट्ट झालेली असते, बोटं त्या घट्ट्यावरून पुन्हापुन्हा फिरतात. मग कानाशी तोंड नेऊन, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इथं ३५ एमएम, एफ/२, आयएसओ ३२००, शटर १/१२५. फ्लॅश अजिबात नाही. बैल बुजला तर धन्याचा पाय चिरडेल.

याच गोठ्यात आमच्यातल्या एकानं सुरेख फ्रेम घेतली: अर्धा चेहरा, एक डोळा, वर हात. धन्यानं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "फोटो चांगला हाये जी, पण शिंगं काऊन कापले?"

या प्रश्नावरून आमचा नियम पक्का झाला. गावात शिरलो की पहिला फोटो त्यांचा. तो कसा असावा हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. जोडी शेजारीशेजारी, आठही पाय खुरांसकट दिसले पाहिजेत. शिंगांची टोकं, त्यावरचं बेगड, कपाळावरची मठाटी, पाठीवरची झूल, सगळं पूर्ण. मधे धनी ताठ उभा, हसायचं नाही. एका बाजूला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. नातू असेल तर तो बैलाच्या पाठीवर. कंपोझिशनचे नियम तुमच्याजवळ ठेवा, हा फोटो त्यांच्या मापानं काढा आणि मनापासून काढा. गंमत अशी की तो एकदा निघाला की धनी मोकळा होतो. "झाला फोटो" म्हणत तो जनावराच्या कामाला लागतो, आणि आपल्याला हवं असलेलं सगळं त्यानंतर घडतं. आधी मुलाखतीला बसल्यासारखा अवघडलेला माणूस पाठ फिरवून शिंगाला हिंगूळ लावत बसतो. तुम्ही हातभर अंतरावर असता आणि त्याला आठवतही नाही.

प्रिंट काढून द्यायची, हेही ठरलेलं. तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत आठ बाय दहाचे काढून घेतो, मागं नाव लिहितो आणि पुढच्या खेपेला हातानं देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की जबाबदारी संपली असं आपल्याला वाटतं. भिंतीवर लागतो तो कागदच.

आता तोरण. दुपार कलली की जोड्या गावाबाहेरच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत लागतात. मग झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची चुरचुरीत कवनं, सुरू होतात. एक म्हणतो, दुसरा उलटून म्हणतो, शेवटी सगळ्यांचं "एक नमन गौरा पार्वती, हर बोला, हर हर महादेव!" झडत्यांत महागाई येते, कापसाचा भाव येतो, पुढारीही सुटत नाही. फोटोवाल्यांसाठी सूचना: म्हणणाऱ्याचं तोंड टिपायला सगळेच धावतात, पण फ्रेम ऐकणाऱ्यांत असते. शेवटच्या ओळीआधी सगळ्यांच्या तोंडावर हसू जमायला लागतं, तो क्षण पकडा.

तोरण तुटतं तेव्हा रांग एकदम सुटते. त्या वेळी आमचं कुणीही रांगेच्या तोंडावर उभं राहत नाही आणि बैलाच्या मागंही नाही. एकजण देवळाच्या ओट्यावर. दोघं गल्लीत, जिथून जोड्या घराकडे जातील. बाकीचे आधीच ठरलेल्या घरांच्या दारात, कारण तिथं घरधनीण बैलांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. जागा मी सकाळीच वाटून देतो, आणि वाटणीवरून कुरबूर होते. तोरणाजवळची जागा प्रत्येकाला हवी. पण रात्री फोटो बघायला बसलो की बहुतेक वेळा दारातली माणसं भाव खाऊन जातात. मग सालदाराचा बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी. धनी ओंजळीत पैसे ठेवतो तेव्हा दोघांपैकी कुणीच वर बघत नाही. तो फोटो मी गटाला काढू देत नाही. देण्याघेण्यात लेन्स घालायची नाही, एवढंच.

एक्स्पोजरचं सांगायचं राहिलं. श्रावणी अमावास्या, आभाळ बहुधा भरलेलं. पांढरा बैल फ्रेमभर असेल तर कॅमेऱ्याचं मीटर त्याला राखाडी करून ठेवतं; एक्स्पोजर +०.७ द्या. तोच बैल गर्दीत लहान दिसत असेल, मागं काळोखी असेल, तर कॅमेरा उलटा वागतो, गर्दी उजळायला जातो आणि बैल जळतो. तिथं वजा करा. हिस्टोग्रामचा, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा कोपरा बघत राहा. जळलेला पांढरा परत मिळत नाही. हेच पुढं कापसाला लागू. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही होते, दहीभात शिंपडून पूजा, मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात. तिथं आम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात जातो. दहानंतर पांढऱ्या बोंडांवर ऊन एवढं आदळतं की चेहरे काळे ठिक्कर पडतात.

एक घरगुती सूचना. पोळ्याला पाच घरी जेवायचा आग्रह होतो आणि नाही म्हणता येत नाही. पुरणपोळीवर तुपाची धार पडली की दुपारचं अर्धं मनुष्यबळ गारद. पहिल्या घरी अर्धीच पोळी घ्या.

लोणार

दिवाळीनंतरची खेप. इथं माणसं कमी, भूगोल जास्त, त्यामुळे लिहायलाही कमी. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर, व्यास साधारण १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर गाजलं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं ते काम होतं. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव लागलं. अजूनही गटात एखादा विचारतोच, "गुलाबी कधी होतं?" नेहमीचं पाणी हिरवट असतं आणि ते हिरवंच चांगलं दिसतं, पाण्यावरची चमक कापणारा पोलरायझर फिल्टर लावून बघा. सूर्योदय बघायला कड्यावर या, पण तळ्यावर लगेच ऊन मागू नका. विवराची भिंत उंच आहे, सूर्य वर आल्यावरही तळ काही वेळ सावलीत राहतो. कड्यावर ऊन आणि खाली निळी सावली, ही पंधरा-वीस मिनिटं कामाची.

माझा जीव मात्र गावातल्या दैत्यसूदन मंदिरावर. ताऱ्याच्या आकाराची मांडणी, आणि छतावरचं कोरीव काम बघून मान अवघडते. आत अंधार, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते. त्यावर उपाय असा: रुमालाची घडी जमिनीवर, त्यावर कॅमेरा उताणा, लेन्स छताकडे, स्क्रीन फिरणारी असेल तर बाहेर काढून कोन सरळ करा, दहा सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, शटर दोन-तीन सेकंद. तोवर तुम्ही फ्रेमबाहेर. भाविक येत असतील तर त्यांना आधी जाऊ द्या. मंदिर त्यांचं आहे.

झाडीपट्टी

यंदाचा कळस हाच. वडसा, म्हणजे देसाईगंज, गडचिरोली जिल्हा. दिवाळी झाली की या गावात नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात, दाराशी फलक लागतात, गावोगावचे लोक तारखा धरायला येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, म्हणजे झाडीपट्टी, धानाचा सगळा पट्टा, हिवाळाभर रात्र-रात्र नाटकं बघतो. कुठं मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, कुठं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींचा राज्याचा कायदा ग्राह्य धरल्यावर पटही पुन्हा बिनघोर भरू लागले. पटाच्या धावपट्टीजवळ मी गट नेत नाही. सुटलेल्या जोडीपुढून हौशी माणसाला ओढून काढायची हिंमत माझ्यात नाही.

नाटक उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. गटाला दुपारी सक्तीनं झोपवतो. रंगपटातही नियम तोच, फक्त मागणी वेगळी. इथं प्रत्येकाला पोस्टरचा फोटो हवा असतो. खलनायकाला भुवई वर, नायिकेला मान वळवून, विनोदी नटाला तोंड वाकडं करून. तो आम्ही काढतो, नीट, एकेकाचा, आणि त्याच रात्री फोनवर देतो, कारण कंपनीला तो खरंच उपयोगी पडतो. मग कुणी आमच्याकडे बघत नाही. मिशी चिकटवताना फुटक्या आरशात जीभ बाहेर काढणारा राजा आम्हाला असाच मिळाला.

मंचावरच्या उजेडाचं सांगतो, कारण यावर सगळेच अडखळतात. स्वस्तातले एलईडी आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर लुकलुकतात. १/२५० ला फोटोत पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० वर या, पट्टे जातात. नट हलताना जरा धूसर येईल, येऊ द्या. व्हाइट बॅलन्स एका जागी कुलूपबंद करा, ऑटो ठेवलात तर प्रत्येक फ्रेमला चेहऱ्याचा रंग वेगळा. जांभळ्या-लाल प्रकाशात लाल चॅनल आधी जळतो आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये ते दिसत नाही, म्हणून रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. उभं कुठं राहायचं? वादक बसतात त्यांच्या कडेला, त्यांना विचारून. तिथून मंचही मिळतो आणि मागं वळलं की प्रेक्षकही. पहाटे तीनच्या सुमाराला घोंगड्या-शालींत गुंडाळलेले ते चेहरे मंचापेक्षा सरस. मांडीवर झोपलेलं पोर, आणि आई मात्र रडतेय नाटकाला.

दुसऱ्या दिवशी गोंदियाकडच्या तळ्यांवर सारस बघायला न्यायचा बेत होता. तो यापुढं वेगळा ठेवणार. रात्रभर जागलेली माणसं पक्ष्यांपुढं शांत बसत नाहीत, घोरतात. शिवाय कोहळी समाजानं बांधलेल्या त्या तलावांना स्वतंत्र खेप द्यायला हवी. पाळ म्हणजे तळ्याचा बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार, खाली धानाच्या बांध्या, ही सगळी पाण्याची जुनी व्यवस्था लँडस्केपवाल्यांच्या नजरेतून सुटत आलीय.

मार्कंडा

महाशिवरात्रीच्या आठवड्यात चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेकाठी. नदी इथं उत्तरेकडे वळते. "विदर्भाची खजुराहो" हे बिरूद मला आवडत नाही. मार्कंड्याला दुसऱ्याच्या नावानं कशाला ओळखायचं? मूर्तींसाठी तिरपा उजेड हवा, सकाळी लवकर किंवा सायंकाळी. मधल्या वेळेत दगड सपाट दिसतो. जीर्णोद्धाराच्या कामामुळे काही भाग फोटोला मोकळा मिळत नाही, त्याची तयारी ठेवून जा. जत्रेच्या दिवशी मात्र मूर्तींचा नाद सोडा. नदीच्या वाळूत चुली पेटतात, ओल्या धोतरांनी-लुगड्यांनी माणसं वर येतात, तिकडं जा. अंघोळीच्या जागी कॅमेरा खाली. हे सांगावं लागतं, आणि दर वेळी सांगतो.

पुढं

होळीला मेळघाटात गट न्या, असा आग्रह बऱ्याच जणांचा आहे. यंदा नेणार नाही. तिथल्या कोरकू आदिवासींची होळी पाच दिवस चालते, रस्त्यावर दोरी धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात, रात्री ढोल-बासरीवर नाच. फोटो दिसायला सोपे, म्हणूनच भीती. तिथं कुणाचा "त्यांचा फोटो" कसा असतो, हे मला अजून ठाऊक नाही. म्हणून आधी एकट्यानं जाणार, धारणीकडच्या ओळखीच्या कोरकू शिक्षकांसोबत, एकच बॉडी, एकच लेन्स, आणि फगव्यासाठी दहा-दहाच्या नोटांचं बंडल. पोळ्याच्या गटात यायचं असेल त्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंत कळवा. टेलिफोटो आणू नका.