इरकलचा पदर उलटा करून बघा

बदामी-ऐहोळे-पट्टदकल करायला निघालेल्या मराठी गाडीत हमखास दोन पक्ष असतात. एकाला चालुक्य बघायचे असतात, दुसऱ्याला इरकल घ्यायची असते. मी दोन्ही पक्षांत असते, पण बदामीची चौथी गुहा येईपर्यंत माझं लक्ष घड्याळाकडे जायला लागतं. खणांचं गुळेदगुड्ड जवळच, आणि इरकल साडीचं गाव इलकल त्याच्या पुढे.

‘‘पुण्यात लक्ष्मी रोडला मिळत नाही का?’’ हा प्रश्न ठरलेला. मिळते की! कधी कधी स्वस्तसुद्धा. पण दुकानात साडी नुसती उलगडून दाखवतात. इथे ती कशी जुळून येते ते दिसतं.

इरकलची सगळी गंमत पदराच्या सांध्यात. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, बहुतेक सुती; पदराचा वेगळा, लाल रेशमी. अंगाच्या एकेका धाग्याच्या फासात पदराचा धागा अडकवत जायचं, याला तिथे ‘टोपे तेनी’ म्हणतात. त्यामुळे ताणा एका साडीपुरताच लावायचा. पुढच्या साडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी चष्मा कपाळावर चढवून बघत होते, तर मागाशेजारी बसलेल्या बाईंनी ‘‘अक्का, इथं’’ म्हणत पदर उलटा केला आणि नखाने रेघ दाखवली. अंगाचा काळा रंग त्या रेघेशी थांबतो, तिथून लाल सुरू. सलग ताण्यावर विणलेल्या नकली साडीत अंगाचा रंग पदरातही डोकावतोच. हे कळल्यापासून मी लग्नकार्यात ओळखीच्या बायकांचे पदर उलटे करून बघते. एक-दोघी दुखावल्यात, पण इलाज नाही.

मागासमोर बसून घासाघीस करणं मला जमत नाही. दुकानात मात्र मी सोडत नाही, आणि इलकलचे दुकानदारही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. शेवटी गोमी काठाची काळी घेतली.

खण गुळेदगुड्डला. अरुंद पन्हा, चोळीपुरता, काठ दोन्ही बाजूंना. आपल्याकडे हाच खण त्रिकोणी घडी होऊन ओटीत पडतो आणि बिचारा शिवला न जाता या घरातून त्या घरात फिरत राहतो. हल्ली त्याचे कुर्ते, पर्स, डायऱ्या, आकाशकंदील सगळं होतं. त्यात पॉलिस्टरच जास्त. आकाशकंदिलापर्यंत माझी हरकत नाही. पण सुती खण अंगाला लागल्यावर जो गार वाटतो, तो डायरीला काय कळणार?

म्हणून यंदा घेतलेले खण ओटीसाठी ठेवायचे नाहीत, शिवायचेच. आता अडचण शिंप्याची. काठ बरोबर बाहीवर आणून चोळी बेतणारे आमच्या भागात एकच काका उरलेत, आणि त्यांनी सांगितलंय, दिवाळीनंतर या.