शेठ म्हणाले पंधरा दिवस

२४ फेब्रुवारी २०२२, गुरुवार. मार्केट यार्डात भुसार बाजारात तेलाच्या एका गाळ्यावर मी खरेदी आणि उधारीचं बघतो. सकाळी शटर वर करेपर्यंत दलालाचा तिसरा फोन. युक्रेनवर हल्ला झालाय, सूर्यफूल जुन्या भावात अजून तासभर मिळेल, हवं असेल तर आत्ता बोला.

आपण खातो ते सूर्यफूल तेल बहुतेक सगळं बाहेरनं येतं, आणि त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त तेव्हा एकट्या युक्रेनचं होतं, उरलेलं रशिया आणि अर्जेंटिनाचं. म्हणजे जे दोघं भांडायला लागले तेच आमचे सप्लायर. ओडेसाकडची बंदरं त्याच दिवशी बंद. पण आधी सुटलेल्या बोटी वाटेत असतात, त्यामुळे आमच्यापुढे प्रश्न एकच, हे किती दिवस चालणार? महिन्याच्या आत मिटलं तर गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही.

शेठनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पंधरा दिवस. रशिया आहे तो, खेळ आहे का! एकाहत्तरला आपण तेरा दिवसांत निकाल लावला." शेठ तेव्हा शाळेत होते, खिडक्यांना काळे कागद चिकटवल्याचं अजून सांगतात. आता बघा, आपल्या लोकांच्या डोक्यातलं युद्ध हे असंच आहे, पासष्टचं, एकाहत्तरचं, कारगिल झालं तरी दोन-अडीच महिने. इराण-इराक १९८० ते १९८८ असं आठ वर्षं चाललं ते कुणाला आठवतंय? आपल्या घरावरनं गेलं नाही ते युद्धच नाही.

शेठना कशाला नावं ठेवू, मी तर त्यांच्याही पुढे. मोबाईल काढून दाखवलं, हे बघा, अमेरिकेवालेच म्हणतायत कीव्ह तीन दिवसांत पडेल. रणगाडे किती, विमानं किती, सगळं आम्ही मोजलं. युक्रेनची माणसं घर सोडून पळतील का लढतील, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. दलालाला सांगितलं, राहू दे.

त्यात अकराच्या सुमाराला सदाशिव पेठेतल्या मेसवाल्या काकू आल्या, रिक्षा बाहेर उभी ठेवून. महिन्याला दोन डबे नेतात, पंधरा किलोचे. त्या दिवशी म्हणाल्या, सहा द्या, बातम्या ऐकून पोटात गोळा आलाय. मी शहाणा, म्हटलं काकू उगाच पैसे अडकवू नका, पंधरा दिवसांत मिटतंय सगळं. त्यांनी पर्समधल्या नोटा दोनदा मोजल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि दोनच डबे नेले.

संध्याकाळी दलालाला मीच फोन लावला, आता काय भाव? म्हणाला, भावच नाही. देणाराच नाही कुणी बाजारात. इतकी वर्षं यार्डात आहे, भाव वाढलेला बघितलाय, पडलेला बघितलाय, पण भावच नाही हे पहिल्यांदा ऐकलं.

मार्चमध्ये काकू परत आल्या तेव्हा डब्यामागे चार-पाचशे रुपये चढले होते आणि लिटरची पिशवी दोनशेकडे निघालेली. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले हो." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मूळचा वढू-कोरेगावकडचा, म्हणजे हे मला तरी कळायला हवं होतं. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांना आमच्याच भागात मारलं आणि औरंगजेबाला वाटलं, राजाच गेला, आता उरलंय काय. त्यानंतर अठरा वर्षं तो इथनं तिथं फिरत राहिला, पुण्यातसुद्धा छावणी टाकली, आणि १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला मेला, दिल्ली काही परत दिसली नाही. मोठमोठ्यांचं असंच होतं. २००३ ला इराकच्या वेळी अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड म्हणाले होते, सहा दिवस लागतील, सहा आठवडे लागतील, सहा महिने काही लागतील असं वाटत नाही. अमेरिकेचं सैन्य तिथनं निघालं २०११ च्या डिसेंबरात.

मला वाटतं सुरू करणारा माणूस पहिल्या दणक्याचाच हिशेब करतो. समोरच्याची कुवत किती हे लढल्याशिवाय कळत नाही, बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात तसं, समोरचा कुठवर ताणणार ते त्याची बोटं हलल्यावरच समजतं. आणि एकदा माणसं मेली की मग मागं फिरणं अवघड, कारण घरी सांगणार काय?

हे शेवटचं मला पुस्तकात नाही, गाळ्यावर कळलं. एप्रिल उजाडेपर्यंत आमचं मत पार उलटं झालं होतं. आता हे वर्षानुवर्षं चालणार, भाव खाली येतच नाही. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, सगळ्याच तेलांना आग लागली, आणि शेठनी चढ्या भावात चारशे डबे उचलले. मीच सुचवलं होतं, लपवत नाही. २३ मेला इंडोनेशियाने बंदी उठवली. २२ जुलैला इस्तंबूलमध्ये युक्रेनचं धान्य बंदरातनं बाहेर काढायचा करार झाला. भाव घसरत घसरत आमच्या खरेदीच्या बराच खाली. गंमत म्हणजे युद्ध चालूच! ते लांबणार हा आमचा अंदाज या वेळी बरोबर निघाला, आणि तरी माल अंगावर आला.

जूनमध्येच मिळेल त्या भावात विकून टाकायला हवा होता. शेठ म्हणाले, थांब, वर येईल. जुलैत म्हणाले, एवढा तोटा खाल्लाय, आता काय सोडायचं. ऑगस्टमध्ये तेच. रोज सकाळी भाव विचारायचे आणि काही न बोलता चष्मा काढून शर्टाला पुसत बसायचे. मागच्या भिंतीला डब्यांची थप्पी तशीच, वरच्या थराला धुळीची साय, एक-दोन डबे तळाशी पाझरायला लागलेले, हमाल म्हणायचा पाय घसरतोय शेठ, भुसा टाका.

दिवाळीआधी एका फरसाणवाल्याने घासाघीस करून सगळी थप्पी उचलली, डब्यामागे किती गेले ते इथं लिहीत नाही. टेम्पो भरत असताना काकू आल्या. चकल्यांची ऑर्डर मोठी होती, चार डबे हवे होते. शेठनी थप्पीतले चार बाजूला काढायला लावले आणि फरसाणवाल्याच्या भावातच दिले, काकूंना काही न सांगता. त्या पैसे मोजता मोजता माझ्याकडे वळल्या, "आता किती दिवस चालेल म्हणता?"

मी शेठकडे बघितलं. ते पावती फाडत होते.

"दोन डबे जास्तीचे घेऊ का?" काकूंनीच पुढे विचारलं. म्हटलं, काकू, ते तुमचं तुम्ही ठरवा.