आयक्लाउडमधले फोटो बाहेरच्या डिस्कवर नेताना घोडं नेमकं कुठे अडतं

मॅकमधली जागा २५६ जीबी. आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात, फोटो ३८० जीबी. आणि पिक्चर्स फोल्डरमधली फोटोज लायब्ररी दिसते फक्त ४० जीबीची. हे गणित जुळत नाही हे लक्षात न घेता बरेच जण ती ४० जीबीची लायब्ररी ओढून बाहेरच्या डिस्कवर टाकतात, आयक्लाउडचा प्लॅन कमी करायला निघतात आणि तिथेच फसतात. 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' चालू असेल तर मॅकवर बहुतांश फोटोंच्या लहान प्रती असतात. मूळ फाइल्स ॲपलच्या सर्व्हरवर. डिस्कवर गेल्या त्या प्रती. मूळ फोटो जागेवरून हललेच नाहीत.

खात्री करणं सोपं आहे. लायब्ररीवर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' निवडा. आत 'ओरिजिनल्स' नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात सोळा फोल्डर: ० ते ९ आणि ए ते एफ. फाइल्सची नावं बघून दचकू नका. 'आयएमजी' अमुक-तमुक असं काही नसतं. लांबलचक अंक-अक्षरांची माळ असते. फोटोचं खरं नाव, अल्बम, चेहरे हे सगळं शेजारच्या 'डेटाबेस' फोल्डरमध्ये. म्हणून आतलं काहीही हाताने हलवायचं नाही, फक्त बघायचं. 'ओरिजिनल्स'चा आकार गेट इन्फोमध्ये बघा आणि सिस्टीम सेटिंग्जमध्ये आयक्लाउडच्या पानावर फोटोंनी किती जागा घेतली आहे त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही जवळपास असतील तर मूळ फाइल्स तुमच्याकडे आहेत. ३८० विरुद्ध २५ असेल तर नाहीत.

आता डिस्क. ३८० जीबीच्या फोटोंसाठी १ टीबीची एसएसडी (आत फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. मूळ फाइल्सखेरीज लहान प्रती आणि डेटाबेसही वाढत जातात. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यासाठी नव्हेत, नेटवर्कवरची डिस्कही नव्हे. आत तबकडी फिरणारी जुनी हार्ड डिस्क चालते, पण लायब्ररीत लाखभर बारीक फाइल्स असतात, त्यामुळे स्क्रोल करताना ती रडवते. केबलही बघून घ्या. यूएसबी २ च्या केबलवर सेकंदाला जेमतेम ३५-४० एमबी सरकतात, म्हणजे ४०० जीबीला जवळजवळ तीन तास. नुसती चार्जिंगसाठी आलेली टाइप-सी केबल बहुधा याच वेगाची असते आणि दोष मात्र डिस्कला जातो.

दुकानातून आणलेली डिस्क बहुतेक वेळा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धतीत) असते. ती तशीच वापरू नका. ॲपलला इथे मॅकचा स्वतःचा फॉरमॅट, एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड, लागतो. डिस्क युटिलिटी उघडा, 'व्ह्यू'मध्ये 'शो ऑल डिव्हायसेस' करा, सगळ्यात वरची ओळ निवडा (खालचा व्हॉल्यूम नव्हे, वरची डिस्क), इरेझ, स्कीम 'जीयूआयडी पार्टिशन मॅप', फॉरमॅट एपीएफएस. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे सांगायला नकोच. फिरती हार्ड डिस्क असेल तर एक्स्टेंडेड बरं, कारण एपीएफएस एसएसडीच्या हिशेबाने बनवलेलं आहे. टाइम मशीनच्या (मॅकच्या आपोआप बॅकअपच्या) डिस्कवर लायब्ररी ठेवायची नाही. शेवटी फाइंडरमध्ये डिस्कचं गेट इन्फो उघडून अगदी तळाशी 'इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम'वर खूण करा, नाहीतर पुढे परवानग्यांची कटकट होते.

हलवण्याआधी दोन ठिकाणी डोकवा. नवा स्मार्ट अल्बम (अटीत बसणारे फोटो आपोआप गोळा करणारा) करून 'फोटो', 'इज', 'अनएबल टु अपलोड टु आयक्लाउड फोटोज' ही अट लावा. अडकून पडलेले फोटो बाहेर येतात. तसंच 'रेफरन्स्ड' असलेले शोधा. हे फोटो आयात करताना 'कॉपी आयटम्स'ची खूण काढलेली होती, म्हणून ते लायब्ररीच्या बाहेर दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडलेले असतात आणि आयक्लाउडमध्येही जात नाहीत. निवडून 'फाइल' मेन्यूतून 'कन्सॉलिडेट' केलं की आत येतात. शेअर्ड अल्बममधले फोटो हा वेगळाच प्रकार आहे: तिथे फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेलपर्यंत आक्रसलेली असते आणि ते तुमच्या मूळ साठ्यात धरलेले नसतात. लग्नाचे फोटो भावाने फक्त शेअर्ड अल्बममध्ये टाकले असतील तर त्याच्याकडून मूळ फाइल्स मागून घ्या.

आता क्रम, आणि खरी मेख यातच आहे. मॅकमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल्स आधी मॅकवर उतरवता येत नाहीत. म्हणून लहान लायब्ररीच आधी बाहेर न्यायची आणि उतरवून घ्यायचं ते तिथे. फोटोज सेटिंग्जमध्ये आयक्लाउड टॅबवर सिंक (आयक्लाउडशी आपोआप जुळवणी) एक दिवसासाठी थांबवा, ॲप बंद करा, लायब्ररी ओढून डिस्कवर कॉपी करा. आयक्लाउड फोटोज बंद करायचं नाही. तसं केलं तर न उतरलेले फोटो मॅकवरून काढून टाकायचे का असा प्रश्न येतो आणि घाईत नको तिथे हो म्हटलं जातं. कॉपी मध्येच तुटली तर अर्धवट लायब्ररी काढून पहिल्यापासून करा. उणे ३६ चा एरर आला तर वाचण्या-लिहिण्यात अडथळा आहे असं समजा. आधी केबल बदला, हब काढून थेट मॅकला लावा, मग डिस्कवर संशय घ्या.

कॉपी झाली की ऑप्शन की दाबून धरून फोटोज उघडा, डिस्कवरची लायब्ररी निवडा. सेटिंग्ज, जनरल, 'यूज ॲज सिस्टीम फोटो लायब्ररी'. आयक्लाउडशी एका वेळी एकच लायब्ररी जोडलेली असते, ती ही. मग आयक्लाउड टॅबवर आयक्लाउड फोटोज चालू आहे ना ते बघून 'डाउनलोड ओरिजिनल्स टु धिस मॅक'. इथे चुकून एखादी जुनी, वेगळी लायब्ररी निवडली तर तिच्यातलं सगळं आयक्लाउडमधल्या फोटोंत मिसळतं, आणि ते पुन्हा वेगळं करणं म्हणजे डाळ-तांदूळ निवडत बसणं.

१०० एमबीपीएसच्या लाइनवर ३८० जीबीला कागदावर साडेआठ तास लागतात. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस धरून चाला. लॅपटॉप चार्जरला लावा, झाकण उघडं ठेवा, बॅटरीच्या ऑप्शन्समध्ये स्क्रीन बंद असताना आपोआप झोपू नये ही खूण करा. मॅक मिनी असेल आणि पावसाळ्यात वीज झपझप जात असेल तर यूपीएसशिवाय हे काम काढूच नका. आकडा तासन्‌तास हलत नाही म्हणून ॲप पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. लायब्ररी उघडतच नसेल, तर मात्र ऑप्शन आणि कमांड दाबून फोटोज सुरू करा. दुरुस्तीची खिडकी येते.

यानंतरची रोजची कटकट म्हणजे डिस्क काढणं. ॲप बंद केलं तरी मागे चालणारे प्रोसेस लायब्ररी धरून बसतात आणि इजेक्ट नाकारलं जातं. फोर्स इजेक्ट करू नका. लॉगआउट किंवा शटडाउन करून काढा. डिस्क न लावता फोटोज उघडलं तर लायब्ररी सापडत नाही असं सांगतं. तिथे 'नवी बनवा' दाबू नका, ॲप बंद करून डिस्क लावा. एन्क्रिप्टेड डिस्कचा पासवर्ड टाकायचा राहिला तरी हेच होतं. रोज लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी खरं तर या भानगडीत पडूच नये. घरात जुना मॅक असेल तर डिस्क त्याला कायमची लावून ठेवा आणि लॅपटॉपवर ऑप्टिमाइझ राहू द्या.

आणि ही डिस्क बॅकअप नाही. सिंक चालू आहे तोवर फोनवर उडवलेला फोटो इथूनही उडतो. 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस, मग गेला. स्वतंत्र प्रत हवी तर सगळे फोटो निवडून 'एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल' करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. लाइव्ह फोटोच्या दोन फाइल्स येतील, एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ. दुसरी फालतू समजून पुसू नका. तुम्ही केलेले बदल मात्र या प्रतीत नसतात. टाइम मशीन वापरत असाल तर बाहेरच्या डिस्क त्यातून मुळातच वगळलेल्या असतात, त्या यादीतून ही डिस्क काढावी लागते.

मॅकवरची जुनी लायब्ररी आठवडाभर तरी ठेवा. पुन्हा 'ओरिजिनल्स'चा आकार बघा, फोनवरची फोटोंची आणि व्हिडिओंची संख्या मॅकवरच्या संख्येशी जुळवा, चार जुने व्हिडिओ इंटरनेट बंद करून चालवून पाहा. मगच ती कचऱ्यात टाका. कचरा रिकामा केल्यावर ४० जीबी लगेच मोकळे दिसले नाहीत तर घाबरू नका, टाइम मशीनचे स्थानिक स्नॅपशॉट (मॅकवरच ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती) ती जागा धरून ठेवतात आणि साधारण २४ तासांत सोडतात.