बोंबील आणि डाकगाडी

"सुके बोंबील डाकगाडीनं जायचे. डबाभर वास! म्हणून बोंबलाचं इंग्रजी नाव बॉम्बे डाक, त्याचं झालं डक." काका आज जेवताना ऐकवून मोकळे झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला मात्र चैन पडेना. बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली १८५३ साली, तीही ठाण्यापर्यंतच. आणि 'बॉम्बे डक' इंग्रजीत १८५० पर्यंत रुळलेलं होतं. रुळांच्या आधीच बदक हजर! डाक तेव्हाही होती म्हणा, पण हरकाऱ्यांची. वासाचा डबा कुठून आणणार?

खरी गंमत पुढेच. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या साहेबांनाच तेव्हा 'डक्स' म्हणत. हे टोपणनाव बोंबलावरून आलं असावं, असं 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा जुना कोश म्हणतो.

हा किस्सा का नाही सांगत कुणी?