पासबुकाच्या रांगेतला चेहरा

कालच्या पॅराग्लायडिंगचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. काही फरक पडला नाही. खाली तुर्कस्तानातलं अख्खं ओलुदेनिज, पुढे भूमध्य समुद्र, आणि मी बँकेत पासबुक भरून घ्यायच्या रांगेत असल्यासारखी. ओठ मिटलेले. एक भुवई किंचित वर.

नेहाने काल रात्री तो फॅमिली ग्रुपवर टाकला. तिचा हेतू चांगलाच होता. लगेच सुरू झालं. ‘काकू घाबरल्या वाटतं!’ ‘वहिनी, बळजबरीने नेलं का हो?’ वन्संनी नुसतंच ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं पिवळं तोंड पाठवलं.

घाबरले असते तर वाईट वाटलं नसतं. पण मी घाबरले नव्हते हो!

बाबादाग डोंगरावर केबल कारने १७०० मीटरपर्यंत गेलो. ढगळ जंपसूट, हेल्मेट, पट्ट्यांवर पट्टे. मागे बांधलेला पायलट माझ्या अमेयपेक्षाही लहान असेल. त्याने एवढंच बजावलं, पळत राहायचं, मध्येच बसायचं नाही. पळाले. जमीन संपल्यावरही चार पावलं हवेतच पळाले, ते व्हिडिओत आहे. मग एकदम शांत. त्याच्याकडचं एक यंत्र तेवढं पीप पीप करत होतं. उन्हाने तापलेल्या उतारावरची हवा वर चढते, तिच्यात शिरलो की पीप पीप भराभर व्हायचं आणि आम्ही वर वर. खाली पाइनची झाडं, मग कडा, आणि कड्याच्या पायथ्याशी लगेचच समुद्र. डोंगर आणि पाणी इतकं खेटून मी कोकणातही पाहिलेलं नाही. वाळूची एक जीभ खाडीत शिरलेली, तिच्या आत पाणी फिकट हिरवं, बाहेर गर्द निळं. मी गात होते. खरंच गात होते, पण व्हिडिओत नुसता वारा ऐकू येतो.

त्याने काठीवरचा कॅमेरा पुढे धरला, ‘स्माइल, मॅडम!’ म्हणाला, आणि मी हसले. मला पक्कं आठवतंय की मी हसले. मग गरगर फिरवू का म्हणाला, तर मी हो हो म्हणाले. पोटातलं सगळं घशात आलं. त्या तुकड्यातही चेहरा तोच! नेहाच्या व्हिडिओत नुसते दातच दात.

म्हणजे इतकी वर्षं हे असंच चाललंय का? लग्नाच्या अल्बममध्ये, अमेयच्या निकालाच्या दिवशी, नव्या घराच्या वास्तुशांतीला? सासूबाई म्हणायच्या, हिला काही आवडतच नाही. मला वाटायचं, टोमणा आहे. आई गेली तेव्हाही लोक म्हणाले होते, की हिच्या डोळ्यांत... ते राहू दे.

आज दिवसभर बोटीवर मुद्दाम हसायचा प्रयत्न केला. गाल दुखले. फुलपाखरांच्या दरीत उभे कडे भरपूर, फुलपाखरं नावाला. पण वाटेत एक छोटी होडी आमच्या बोटीला येऊन लागली. त्यात मांडी घालून एक बाई गोझलेमे लाटत होती. काठीसारखं लांब, बारीक लाटणं, आपल्या पोळीपेक्षाही पातळ लाटी, त्यावर पालक आणि चीज, घडी, की तव्यावर. तिने एकदाही मान वर केली नाही. चेहरा मख्ख. मजा येतेय का, असं तिला कुणी विचारत नव्हतं. मला हेवा वाटला तिचा.

संध्याकाळी कायाकॉय. डोंगरभर घरं, एकावरही छप्पर नाही. १९२३मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली, तेव्हा इथल्या ग्रीक लोकांना जावं लागलं. एका घरात चूल शाबूत होती, धुराने काळी झालेली भिंतसुद्धा. मी तिथेच रेंगाळले. अमेय म्हणाला, “आई, आज तुझा चेहरा जागेला एकदम शोभतोय.” मला इतकं हसू आलं की भिंतीला धरावं लागलं. नेहाने नेमका तेव्हाच फोटो काढला. पाहिला तर काय, पासबुक!

मग मात्र मी हात टेकले.

परत येताना फेथियेत फेथी बेचा पुतळा पाहिला. हा ऑटोमन काळातला वैमानिक. १९१४मध्ये इस्तंबूलहून कैरोला निघाला आणि वाटेत विमान कोसळून गेला. पुढे या गावाला त्याचंच नाव दिलं. त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. दोघंही गंभीर. हा मीच ग्रुपवर टाकलाय, बघू वन्सं काय पाठवतात.

झोपताना ह्यांना विचारलं, “काल मला मजा आली असं वाटलं का हो तुम्हाला?”

“हे काय विचारणं झालं? उतरल्या उतरल्या पट्टेसुद्धा न सोडता त्या पोराला परत वर जायचे किती पडतील विचारत होतीस.”

विचारलं होतं खरं. एकदा उडालेल्यांना काही सवलत असते का, तेही विचारलं होतं. नसते.