काना गेलेलं मशीन

रविवार, रात्रीचे पावणेबारा

काल आणि आज मिळून बाबांसोबत एकच गोष्ट दोनदा बघितली. काल अर्जेंटिनाचा मूळ 'द सिक्रेट इन देअर आइज', २००९ चा, ज्याला २०१० मध्ये परभाषिक सिनेमाचं ऑस्कर मिळालं, आणि आज त्याचाच २०१५ चा हॉलिवूड रिमेक, ज्यात ज्युलिया रॉबर्ट्स, निकोल किडमन, चिवेटेल एजिओफोर असे एकापेक्षा एक तगडे लोक आहेत. डोक्यात इतकं साठलंय की झोप काही येणार नाही, म्हणून लिहून काढतेय.

बाबा कोर्टात टायपिस्ट म्हणून लागले आणि कोर्टातूनच रिटायर झाले. मूळ सिनेमाचा हीरो एस्पोसितो हाही कोर्टातलाच, रिटायर झालेला, पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका खुनाच्या केसवर कादंबरी लिहायला बसलाय, आणि त्याच्या जुन्या मॅडम, इरेने, त्याला ऑफिसातला एक जुना टाइपरायटर देतात ज्याचं ए हे अक्षर उमटत नाही. एका रात्री तो अर्धवट झोपेतून उठतो आणि कागदावर एकच शब्द खरडतो, तेमो. स्पॅनिशमध्ये म्हणजे 'मला भीती वाटते'. पार शेवटाकडे तो त्याच शब्दाच्या मध्ये हाताने ए घालतो आणि त्याचं होतं ते आमो, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. पंचवीस वर्षं जे त्याच्या तोंडून निघालं नाही ते त्या एका अक्षरात.

इथे बाबा म्हणाले थांबव जरा. मग सांगायला लागले की त्यांच्या मराठी मशीनचा एकदा काना गेला होता, आणि काना गेला म्हणजे नुसता काना जात नाही, कारण त्या मशीनवर ख, ध, भ, श ही अक्षरं अर्धं अक्षर मारून पुढे काना जोडला की मगच पूर्ण होतात, त्यामुळे सगळा कागद लंगडा. दुरुस्तीवाला येईपर्यंत आठवडा गेला, तोवर साक्षीदारांच्या जबान्या टाइप करायच्या आणि मग मान मोडून बसून प्रत्येक काना पेनने काढायचा. हे सांगताना त्यांचं बोट टीपॉयवर काने काढत होतं, वरून खाली, वरून खाली. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहतेय, मला हे माहीतच नव्हतं.

रिमेकमध्ये टाइपरायटर नाही. बाबांनी अर्ध्या तासातच विचारलं, ते मशीन कुठाय गं? म्हटलं नाहीये बाबा, यात नाहीये.

मला कळतं की लॉस एंजेलिसमध्ये घडणाऱ्या गोष्टीत इंग्रजी बोलणाऱ्या माणसाकडून तेमोचं ते आमो होऊ शकत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार ही आहे की त्याच्या जागी त्यांनी स्वतःचं काहीच शोधलं नाही. मूळ सिनेमातली केस १९७४ ची आहे, इसाबेल पेरोनच्या सरकारचा काळ, विरोधकांचा काटा काढणाऱ्या टोळ्या मोकाट, आणि दोनच वर्षांनी लष्कराने सत्ता घेतली आणि हजारो माणसं कायमची गायब केली. खुनी पकडला जातो, कबूलही करतो, आणि तरी सुटतो, कारण तो सरकारच्या कामाचा माणूस झालेला असतो. मग एका लिफ्टमध्ये एस्पोसितो आणि इरेने उभे असताना तोच आत येतो, पाठमोरा उभा राहतो आणि शांतपणे पिस्तूल काढून लोड करतो, एक शब्द नाही. ब्युनॉस आयर्सच्या प्रेक्षकाला ते बघताना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नसणार. रिमेकवाल्यांनी ९/११ नंतरचं अमेरिकन वातावरण घेतलं, आरोपी दहशतवादविरोधी पथकाचा खबऱ्या म्हणून त्याला पाठीशी घालतात, कल्पना चांगली आहे हो, पण ती पाटीसारखी मागे लावून ठेवलीये, माणसांच्या अंगात उतरत नाही.

स्टेडियमचंही तेच. मूळमध्ये खुन्याच्या जुन्या पत्रांतली नावं रेसिंग नावाच्या फुटबॉल क्लबच्या खेळाडूंची निघतात आणि त्यावरून ते त्याला मॅचला गाठतात, माणूस घर बदलेल, चेहरा बदलेल पण आपला क्लब सोडणार नाही या भरवशावर. कॅमेरा आकाशातून हुराकान या दुसऱ्या क्लबच्या मैदानावर उतरतो आणि एकाच दमात गर्दीत शिरतो, पाच मिनिटं कुठे कट दिसत नाही. इकडे बेसबॉल आहे. पण ते वेड आधी दाखवलंच नाही तर मैदानात पोचल्यावर छाती कशाला धडधडेल?

ज्युलिया रॉबर्ट्सचं मात्र मनापासून कौतुक. मूळमध्ये खून झालेल्या बाईचा नवरा झुरत असतो, इथे ती मुलीची आई आहे आणि स्वतः तपासातली. कचऱ्याच्या पेटीत मुलीचा देह दिसतो तो सीन मला बघवला नाही. तेवढा एक बदल त्यांचा स्वतःचा आहे, आणि तेवढाच लक्षात राहील.

आपल्याला हे कळायला लांब जायला नको. 'सैराट' नंतर 'धडक' बघताना पोटात जे तुटलं होतं ते हेच होतं, गोष्ट तीच, पण करमाळ्याकडची बोली गेली, जात पुसट झाली, मग उरलं काय.

रिमेक वाईटच असतो असं मी म्हणत नाहीये. 'द डिपार्टेड' मला खूप आवडतो. त्याचं मूळ हाँगकाँगचं, २००२ चं 'इन्फर्नल अफेअर्स', त्याच्या चिनी नावामागे बौद्धांचा अवीची नरक आहे, जिथल्या यातनांना खंडच नसतो, आपल्याच संस्कृत-पालीतला शब्द, आणि सिनेमा सुरू होतो तोच त्यावर. 'डिपार्टेड'चा दिग्दर्शक स्कॉर्सेसी, त्याने ते सोडून दिलं पण बदल्यात बॉस्टनची आयरिश वस्ती आणली, तिथले चर्चचे संस्कार, शिव्या, बापलेकांचे हिशोब, तिथला गुंड. सिनेमाला स्वतःचं गाव मिळालं. दिग्दर्शनाचं पहिलं ऑस्करही स्कॉर्सेसीला त्याच सिनेमाने दिलं.

आज रिमेक आम्ही एकत्र पूर्ण बघितलाच नाही. मध्येच बाबांनी विचारलं, तो दारुडा मित्र पण नाही का यात? सँडोवाल. मूळमध्ये तो एस्पोसितोच्या घरात असताना मारेकरी येतात, आणि तो कपाटावरचे मित्राचे फोटो पालथे घालतो, म्हणजे त्यांना वाटावं हाच एस्पोसितो. म्हटलं, तसा कुणी नाही. बाबा गप्प बसले. मग त्यांच्या ऑफिसातल्या एका शेजारच्या टेबलवाल्याचं सांगायला लागले, हुशार माणूस, अक्षर मोत्यासारखं, दुपारनंतर हात थरथरायचे म्हणून त्याचे कागद बाबाच टाइप करून द्यायचे आणि खाली सही त्याची. साहेबांना कळलं तेव्हा त्या माणसाने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, बाबांचं नाव येऊ दिलं नाही. पुढे काय झालं विचारलं तर म्हणाले, बदली झाली, मग गेलाच तो.

टीव्हीवर निकोल किडमन पॉजमध्ये थांबलेली होती. आम्ही साडेनऊपर्यंत तसेच बसलो, मग आईने पानं घेतली.

उरलेला मी आत्ता एकटीने लॅपटॉपवर बघून संपवला. बाबांनी झोपताना सांगितलंय, उद्या रात्री परत पहिलाच लाव.